गणिताचा पेपर इंग्रजीत आणि इंग्रजीचा पेपर गणितासारखा

मराठी घरात दहावीचं पोर असलं की जानेवारीपासून दोन विषयांची नावं जरा दबक्या आवाजात घेतली जातात. इतिहास-भूगोल शेवटच्या आठवड्यात पाठ होतात, मराठीत कोणी नापास होत नाही (असं आपण समजतो, ते एक असो), विज्ञानाचं 'व्याख्या पाठ कर, आकृत्या काढ' म्हणून भागतं. उरतात इंग्रजी आणि गणित. शिकवणी लावायची तर या दोनच विषयांची लावायची, आणि पोरगं गचकलं तर यातल्याच एकात गचकणार. वडील, काका, शेजारचे, सगळ्यांना हे इतकं पाठ असतं की असं का, हे कोणी विचारत नाही.

मी विचारायला लागलो त्याचं कारण अगदी साधं आहे. पुण्यात आम्ही कंपनीतले चार-पाच जण शनिवार-रविवार सकाळी दहावीच्या मुलांना हेच दोन विषय शिकवतो. फुकट शिकवतो, त्यामुळे पालक खूश असतात आणि मुलं हक्काने उशिरा येतात :-) शिकवता शिकवता जाणवायला लागलं की हे दोन विषय वाटतात तितके वेगळे नाहीत. मग सवयीप्रमाणे मूळ शोधत मागे गेलो. आयटीवाल्याला एखादा विचित्र कोड दिसला की तो पहिल्यांदा कोणी आणि कशासाठी लिहिला होता हे बघायची खोड असते. इथे तो 'पहिला कोड' १८५९ चा निघाला.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. त्याची पहिली मॅट्रिक, म्हणजे प्रवेश परीक्षा, १८५९ मध्ये झाली. शंभराहून जास्त मुलं बसली आणि पास झाली वीस-बावीस. त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावं होती. बाकीच्या शंभरेक मुलांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मला त्यांच्याबद्दल जास्त कुतूहल आहे, कारण महाराष्ट्रातली 'मॅट्रिक फेल' ही जमात तिथे जन्माला आली. पुढची शंभर वर्षं ही एक अधिकृत पदवी असल्यासारखी वापरली गेली. लग्नाच्या बाजारात 'मॅट्रिक फेल' मुलाला 'नॉनमॅट्रिक'पेक्षा थोडा भाव जास्त होता म्हणतात. निदान परीक्षेला बसला तरी होता ना!

त्या परीक्षेत काय होतं? इंग्रजी, दुसरी एक भाषा, गणित, आणि इतिहास-भूगोल वगैरे सामान्य ज्ञान. गणितात अंकगणित, बीजगणित आणि युक्लिडची भूमिती. मुख्य गोष्ट अशी की देशी भाषेचा पेपर सोडला तर सगळं इंग्रजीत. प्रश्न इंग्रजीत आणि उत्तरही इंग्रजीतच. म्हणजे युक्लिडचं प्रमेय डोक्यात लख्ख असलं तरी ते इंग्रजीत मांडता आलं नाही तर शून्य. पहिल्या दिवसापासून गणिताच्या पेपरात इंग्रजीचा पेपर दडलेला होता.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही, आणि त्याची हकिगत मला फार आवडते, कारण तिचा नायक एक इंजिनियर आहे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस नावाचा कंपनी सरकारचा हा अधिकारी १८२० च्या दशकात मुंबईत सर्व्हे आणि बांधकामासाठी देशी पोरं तयार करत होता. त्याने शिकवण्याची भाषा मराठी आणि गुजराती ठेवली आणि पंडितांना हाताशी धरून हटनचं गणित मराठीत आणवलं. अपूर्णांक, लॉगरिदम, त्रिकोणमिती, सगळं मराठीत. एवढं करूनही तेव्हाची पोरं जमिनी मोजायची आणि पूल बांधायची! पुढे १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. एका बाजूला न्यायाधीश अर्स्किन पेरी, त्याचं म्हणणं उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्या. दुसऱ्या बाजूला जर्व्हिस आणि त्याच्यासोबत नाना शंकरशेट वगैरे मंडळी, यांचं म्हणणं की लोकांना लोकांच्या भाषेत शिकवा. वाद गाजला, पण वरच्या वर्गांत शेवटी चाललं पेरीचं. विद्यापीठ आलं तेव्हा प्रश्न निकालात निघालेला होता.

बरं, गणित काही इंग्रजांनी आणलेलं नव्हतं. पंतोजींच्या शाळेत पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणत होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. माझ्या आजोबांच्या पिढीला औटकी येत होती, मला तीनचा पाढाही कॅल्क्युलेटरने पडताळून बघावासा वाटतो. हे पाढे बाजारासाठी होते. साडेतीन शेराला सव्वा आणा तर किती, हे वाण्याच्या दुकानात उभ्या उभ्या सांगता यायला हवं. त्यात घोकंपट्टी होती, छडी होती, सगळं होतं. पण 'असं का' हे सिद्ध करून दाखवायची भानगड नव्हती. मॅट्रिकने ती आणली आणि तीही परक्या भाषेत. घोकायची सवय जुनीच होती, पोरांनी ती युक्लिडला लावली. प्रमेयं पाठ! १५०-१६० वर्षं झाली, आमच्या वर्गातली पोरंही पायथागोरस पाठच करतात. फरक एवढाच की आकृतीतली अक्षरं बदलून दिली की रडतात.

मुलांना या परीक्षेतून पार नेणं हा धंदाही याच काळात सुरू झाला, आणि त्यात पडलेली माणसं बघितली तर आपण थक्क होतो.

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पाठोपाठ आगरकर आले, वामन शिवराम आपटे आले. आपण ही राष्ट्रीय शिक्षणाची गोष्ट म्हणून वाचतो आणि ती तशी आहेच. पण त्या काळच्या एखाद्या कारकुनाने आपलं पोर तिथे का घातलं असेल? मॅट्रिकच्या निकालासाठी. शाळेचं नाव झालं ते निकालाने आणि शिष्यवृत्त्यांनी. टिळक गणितातले पदवीधर (१८७६), डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्र्यांचे आवडते विद्यार्थी. पण शिक्षक म्हणून कसे? आठवणींमध्ये येतं की ते गणितं फळ्यावर पायरी पायरीने सोडवण्यापेक्षा तोंडीच सोडवत सुटायचे. हुशार पोरांना मेजवानी, आणि मागच्या बाकावरच्यांचं काय झालं असेल याची मी कल्पना करू शकतो. आमच्यातला एक जण, आयआयटीवाला, अगदी असाच शिकवतो. त्याला आम्ही आता फक्त शंका सोडवायला बसवतो. मोठ्या माणसाची बरोबरी करत नाही, पण गणित येणं आणि गणित शिकवणं ही दोन वेगळी खाती आहेत हे कळायला टिळकांचं उदाहरण पुरेसं आहे.

या गोष्टीतला माझा खरा हिरो मात्र गोपाळ कृष्ण गोखले आहेत. १८८४ मध्ये बी.ए. झाले आणि १८८५ मध्ये न्यू इंग्लिश स्कूलमध्ये लागले. पगार महिना ३५ रुपये, वय अठरा. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात पोरगं बारावीच्या निकालाची वाट बघत असतं त्या वयात हे मास्तर झाले. पगार पुरत नव्हता, घरी मोठ्या भावाचं कर्ज होतं. मग त्यांनी काय केलं? क्लास काढला! सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी शिकवणी सुरू केली. आजचा सदाशिव पेठेतला एमपीएससी क्लास आणि गोखले यांच्यात सरळ रेषा ओढता येते, आणि नकाशावरही ती फार लांब जाणार नाही.

शाळेत आणि पुढे फर्ग्युसनमध्ये गोखल्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, नंतर इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. जो विषय द्याल तो शिकवतात म्हणून त्यांना 'प्रोफेसर टु ऑर्डर' म्हणत. कोणीतरी कौतुकाने म्हणालं असेल किंवा खवचटपणे, पुण्याचं काही सांगता येत नाही. आणि त्यांनी बापट नावाच्या सहकाऱ्याबरोबर शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक तयार केलं. ते एवढं चाललं की पुढे मॅकमिलनने छापलं, दुसऱ्या भारतीय भाषांत गेलं आणि गोखल्यांना त्याचं मानधन पुढे कितीतरी वर्षं मिळत राहिलं. ज्या माणसाने कायदेमंडळात अंदाजपत्रकाची चिरफाड करून सरकारला घाम फोडला, त्याचा घरखर्च काही अंशी शेकडेवारी आणि व्याजाच्या गणितांवर चालला होता. मला हे फार सुसंगत वाटतं. अंदाजपत्रक तरी दुसरं काय असतं?

आता यातला खरा मसाला. हे सगळे मास्तर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे (स्थापना १८८४) आजीव सभासद होते. टिळकांचा आग्रह असा की आजीव सभासदाने आपला सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेला द्यावी, बाहेरचे उद्योग करू नयेत. दुसऱ्यांचं म्हणणं, पगार एवढा तुटपुंजा आहे, फावल्या वेळात पुस्तक लिहिलं, चार पैसे मिळवले तर बिघडलं कुठे? भांडण वाढत गेलं. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा ठिणगी पडली आणि त्या डिसेंबरात टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. शाळेत टिळक-आगरकर वाद म्हणून आपण 'आधी सामाजिक की आधी राजकीय' एवढंच शिकतो. त्याच्या मुळाशी शिक्षकाने बाहेरची कमाई करावी का, हा अगदी घरगुती प्रश्नही होता हे कोणी सांगत नाही. शिक्षकांनी खासगी शिकवण्या घ्याव्यात की नाही यावर आज जी चर्चा होते, ती महाराष्ट्रात १८९० मध्येच एकदा इतकी पेटली होती की टिळक संस्था सोडून गेले.

गंमत म्हणजे सोडल्यावर टिळकांनीही पोटापाण्यासाठी क्लासच काढला. वकिलीच्या परीक्षांसाठी लॉ क्लास! जोडीला एका जिनिंग कारखान्यात भागीदारी होती, आणि तो कारखाना होता लातूरला. 'लातूर पॅटर्न' आणि टिळक यांचा याहून जास्त संबंध नाही, पण मोह आवरला नाही.

कोण बरोबर होतं? मला दोन्ही बाजू पटतात, पण मत टिळकांच्या विरोधात जातं. महिना ३५ रुपयांत माणसाने बृहस्पतीसारखं शिकवावं आणि वर संन्याशासारखं राहावं, ही अपेक्षा शिक्षकांकडूनच का? आणि गोखल्यांचं अंकगणित ज्या हजारो घरांत पोचलं, त्यातली कित्येक घरं न्यू इंग्लिश स्कूलच्या बाकांपर्यंत कधीच पोचणार नव्हती. बाहेरचं काम होतं म्हणूनच ते बाहेर गेलं.

इथे थोडं मागे जातो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षणाबद्दलचा त्यातला भाग सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात उच्च शिक्षणाबद्दलही काही सूचना आहेत आणि त्यातली एक अशा अर्थाची आहे की मुंबई विद्यापीठाने कलकत्त्यासारखी प्रवेश परीक्षेची पुस्तकं ठरवून जाहीर करावीत, म्हणजे घरी अभ्यास करणाऱ्यांनाही परीक्षेची तयारी करता येईल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चमकलो. अभ्यासक्रम जाहीर करा, एवढी साधी मागणी! पण विचार करा, परीक्षेत नेमकं काय येणार हे जर फक्त चांगल्या शाळेतल्या मास्तरांनाच माहीत असेल, तर ज्याला ती शाळा मिळत नाही तो आधीच नापास आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर दस्तऐवज नसलेली प्रणाली, जिचं सगळं ज्ञान दोन सीनियर लोकांच्या डोक्यात. आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

या घरच्या अभ्यासासाठीच जणू एक पुस्तक आलं आणि ते म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला', तीन भाग. (मराठी व्याकरण लिहिणारे ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. दोघांत लोक हमखास गल्लत करतात.) पद्धत सरळसोट: एक नियम, थोडे शब्द, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी करा आणि इंग्रजीचं मराठी करा. वाक्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे तर्खडकरी वाक्यांची टिंगल मराठीत अजून चालते. पण इंजिनियरच्या नजरेने बघा, ही वाक्यं म्हणजे टेस्ट केसेस आहेत! वाक्यात गंमत नाही, कारण ते एकच नियम तपासण्यासाठी आहे. आधी कर्ता-क्रियापद, मग नकार, मग प्रश्न, एकेक अट वाढवत नेलेली. तर्खडकरांनी गृहीत धरलं की शिकणाऱ्याच्या डोक्यात आधी मराठी आहे, आणि चूक होणार ती मराठीच्या वळणानेच होणार. पुढे १९३० च्या दशकात रेन अँड मार्टिनचं व्याकरण आलं, सगळ्या भारतात गाजलं (त्यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि 'बो जेस्ट' ही साहसकथा त्यांचीच). पण ते पुस्तक कोणाच्याच मातृभाषेची फिकीर करत नाही. मराठी पोराला इंग्रजी शिकवायला मला विचाराल तर तर्खडकर सरस.

आणि याला एक साक्षीदार आहे. मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहणारे सुभेदार रामजी सकपाळ आपल्या मुलाचा अभ्यास स्वतः घेत. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांच्या भाषांतराची तिन्ही पुस्तकं त्यांनी भीमरावांकडून करून घेतली. खोली एकच आणि त्यात अख्खं कुटुंब, म्हणून मुलाने लवकर झोपायचं, वडिलांनी त्याला रात्री दोनला उठवायचं आणि शांततेत अभ्यास करायचा. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. चाळीत सत्काराची सभा झाली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. २८२ म्हणजे साधारण साडेसदतीस टक्के. आमच्या वर्गातल्या पोरांना मी हा आकडा सांगतो तेव्हा ते आधी हसतात. मग मी सांगतो की शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही म्हणून त्यांनी फारसी घेतली होती. मग वर्ग गप्प होतो. संस्कृतमध्ये ज्याचं लक्ष होतं त्याला दुसराच पेपर द्यावा लागला. त्या २८२ गुणांची बेरीज आपण कशी वाचायची?

ज्या घरात मुलाला रात्री दोनला उठवणारं कोणी नव्हतं, तिथे काय होत असेल हे त्याच चाळीच्या दुसऱ्या खोल्यांना माहीत.

घोकंपट्टीबद्दल सरकारलाही चिंता होती बरं का. कर्झनने १९०२ मध्ये विद्यापीठ आयोग नेमला, आयोगाने म्हटलं की शिकवणं परीक्षेच्या दावणीला बांधलं गेलंय, उलट व्हायला हवं होतं. १९०४ मध्ये कायदा झाला. गाइडं काही थांबली नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक आयोगाने हेच वाक्य थोड्याफार फरकाने लिहिलंय, त्यामुळे पुढचं भराभर सांगतो.

विसाव्या शतकात हळूहळू मराठीतून उत्तरं लिहायची मुभा मिळत गेली. १९४८ मध्ये एस.एस.सी. परीक्षा मंडळाचा कायदा झाला आणि १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं. एका पिढीला गणित स्वच्छ मराठीत मिळालं: लसावि, मसावि, समच्छेद, श्रेढी. जर्व्हिसचं म्हणणं शंभर वर्षांनी खरं ठरल्यासारखं झालं. पण कॉलेजात गेल्यावर त्याच पिढीला पहिल्या तासाला धडकी भरायची, कारण तिथे पुन्हा पेरीचंच राज्य. १९५९ मध्ये गाला कुटुंबाचं 'नवनीत' सुरू झालं आणि गाइड हा शब्द घरोघरी गेला. 'एकवीस अपेक्षित' हा तर पुढे वाक्प्रचारच झाला. १९६६ मध्ये राज्य मंडळ, १९६७ मध्ये बालभारती, १९७५ मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली तुकडी. त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी एकदमच बाहेर पडल्या, आमच्या ओळखीतले एक काका अजून त्या गर्दीबद्दल तक्रार करतात. १९८३ मध्ये वसंतदादांच्या काळात खासगी इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि गणिताचे मार्क ही एकदम रोकड झाली. माझ्यासारखे हजारो जण त्याचं फळ आहेत, त्यामुळे याबद्दल जास्त बोलत नाही.

मग २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं. हे मला मनापासून पटलेलं धोरण आहे, फक्त शिकवायला माणसं कुठून आणायची ते कोणी ठरवलं नव्हतं. त्याच काळात 'सेमी इंग्लिश' पसरलं: शाळा मराठी, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. म्हणजे फिरून १८५९! गणिताच्या पेपरात पुन्हा इंग्रजीचा पेपर.

याचा परिणाम काय होतो ते आमच्या वर्गातल्या एका उदाहरणाने सांगतो. मराठी पुस्तकात असतं, 'एका संख्येपेक्षा ५ ने लहान संख्या'. मराठी वाक्यात संख्या आधी येते आणि पाच नंतर. पोरगं डावीकडून उजवीकडे लिहितं: क्ष − ५. बरोबर. इंग्रजी पुस्तकात तेच असतं, 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर'. आता पाच आधी आलं. पोरगं तसंच लिहितं: ५ − क्ष. चूक. पुढे सगळी पायरीवार रीत चोख, समीकरण सुटतं, उत्तर उणे येतं आणि मुलगी म्हणते, 'दादा, वय मायनस आलं.' तिला गणित येतं. तिला इंग्रजी शब्दही येतात, फाइव्ह येतं, लेस येतं, नंबर येतं. नाही कळत तो 'दॅन'. मराठीतला 'पेक्षा' नामाच्या मागे चिकटतो आणि 'दॅन' पुढे उभा राहतो, एवढंच. 'अ‍ॅट लीस्ट' आणि 'अ‍ॅट मोस्ट'चीही अशीच फजिती. संभाव्यतेत 'किमान एक छापा' म्हटलं की निम्मा वर्ग सोडवतो, 'अ‍ॅट लीस्ट वन हेड' म्हटलं की लीस्ट म्हणजे कमी असं धरून एकच छापा मोजतात. प्रगतिपुस्तकात मात्र लिहिलं जातं, 'गणित कच्चे'.

उलट बाजूही आहे, नाहीतर मराठीचा झेंडा घेऊन निघालो असं वाटेल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मराठी बुडाली म्हणून अग्रलेख आले. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर (त्या २०२३ मध्ये गेल्या) शांतपणे समजावत होत्या की मराठीत आकडा लिहितो आपण सहा-तीन आणि बोलतो तीन-साठ, लहान मुलं इथे अडखळतात. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. मराठीची वळणं मराठी पोरालाही नडतात, फक्त ती आपल्याला दिसत नाहीत.

बाकी इतिहास चालूच आहे. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही आणि जवळजवळ सगळे पास झाले. २०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने घेऊ नये. आमच्या वर्गाला क्लास म्हणायचं का, यावर आम्ही चहा पिताना बराच वाद घातला. फी नाही, पाटी नाही, खुर्च्याही नाहीत, सतरंजी आहे.

सध्या आम्ही एक प्रयोग करतोय. जुन्या बाजारातून तर्खडकर भाग पहिला आणि दुसरा आणले आणि त्याच धर्तीवर गणिताची वाक्यं तयार केली. रोज दहा वाक्यं, पाच मराठीतून इंग्रजीत आणि पाच इंग्रजीतून मराठीत. एकही गणित सोडवायचं नाही, फक्त समीकरण मांडून वही खाली ठेवायची. 'राजूच्या वयाच्या दुपटीपेक्षा तीनने कमी.' 'दोन संख्यांच्या बेरजेची तिप्पट.' 'एका संख्येची तिप्पट आणि दुसरी, यांची बेरीज.' शेवटच्या दोन वाक्यांवरून गेल्या रविवारी कंसाचं महाभारत झालं. पोरांनाच वाक्यं करायला सांगितली तर त्यांनी वडापाव, रिक्षाचं मीटर आणि आयपीएलच्या धावा घालून अशी काही वाक्यं केली की त्यातली दोन आमच्या आयआयटीवाल्यालाही पहिल्या झटक्यात मांडता आली नाहीत. ती दोन्ही वाक्यं संदिग्ध होती असं त्याचं म्हणणं आहे. पोरांचं म्हणणं, नव्हती. मी अजून ठरवतोय.